चुकीचा खेळून जिंकलेला डाव

८ फेब्रुवारी २०२५ रोजी पणजीत, मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर मी आयुष्यातली पहिली पोकर स्पर्धा खेळले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्या स्पर्धेतील बक्षीस दाखवून प्राप्तिकर विवरणपत्र भरले. शिकायला सुरुवात केल्यापासून तोवर २२ महिने लोटले होते. या काळात नेमके काय करायचे, कुठे किती पैसे लागतात आणि कागदपत्रे कोणती सांभाळायची, हे मला सलग कोणी सांगितले नव्हते. पन्नाशीला टेकलेल्या आणि पत्त्यांच्या टेबलावर फारसे कोणी ओळखीचे नसलेल्या बायकांना तर हे विचारायचे कोणाला, हाच प्रश्न असतो. म्हणून घडले तसे, वहीतल्या नोंदी समोर ठेवून लिहीत आहे.

मी नाशिकला एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. २०२३ च्या दिवाळीत पुण्याचा भाचा चार दिवस राहायला आला होता. आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती होतेच, पण यंदा पोकर शिकवतो असे तो म्हणाला. पैसे लावायचे नाहीत हे मी आधीच सांगितले, कारण महाराष्ट्रात जुगारप्रतिबंधाचा १८८७ पासूनचा कायदा आहे आणि घरात तो विषयच नको होता. सासूबाईंनी सारीपाटासाठी जपून ठेवलेला चिंचोक्यांचा डबा निघाला. प्रत्येकाला २०० चिंचोके वाटून आम्ही खेळायला बसलो.

खेळ समजायला अवघड नाही. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडतात आणि या सातांतून उत्तम पाच पत्त्यांची जुळणी करायची असते. तीन पत्तीत ज्याला आपण कलर म्हणतो तो इथे पाच पत्त्यांचा लागतो. अवघड असते ते पत्ते टाकून देणे. पहिल्या दोन दिवसांत मी जवळजवळ प्रत्येक डावात उतरत होते आणि दोन्ही दिवशी माझा ढीग सर्वांत आधी संपला. दहांतले सात-आठ डाव पहिल्याच फेरीत सोडून द्यायचे असतात, हे भाच्याने सांगितल्यावर मला ते कंटाळवाणे वाटले होते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तेव्हा तिची वाट पाहत बसणे हाही खेळाचाच भाग आहे, हे अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले.

तिसऱ्या दिवशीचा एक डाव मात्र मी कधीच विसरणार नाही. टेबलावर चार पत्ते उघडे होते, त्यांत दोन बदाम. माझ्या हातातही दोन बदाम. पाचवा पत्ता बदामाचा आला तर माझा कलर होणार होता. मध्यभागी ६० चिंचोके जमले होते आणि भाच्याने आणखी ३० पुढे सरकवले. मी हात पुढे करणार तोच त्याने थांबवले आणि कागद दिला. मला ३० चिंचोके टाकायचे होते आणि माझे धरून ढीग १२० चा होणार होता, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकण्याची शक्यता असली तरच उतरणे परवडते. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९, म्हणजे साधारण पाचांत एकदा. मी पत्ते टाकले आणि पाचवा पत्ता कोणता होता ते बघण्यासाठी गड्डीकडे हात नेला. भाच्याने गड्डी उचलून सरळ पिसून टाकली.

“अरे, बघू तरी दे!”

“मावशी, तो बदाम असता तर तुझा आत्ताचा हिशोब चुकीचा ठरला असता का?”

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही आणि थोडा रागही आला. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला वही घालायला लावली. साधी दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, मला काय ठाऊक होते, मी काय केले आणि का केले. पाचवा रकाना निकालाचा, पण तो पानाच्या उजव्या काठाला, आणि तेवढा भाग उभा दुमडून मागे ठेवायचा. महिन्याने वही वाचायला घेतली की आधी पहिले चार रकाने वाचून निर्णयाला गुण द्यायचे आणि मगच दुमड उघडायची. हे ऐकायला पोरखेळ वाटते. पण निकाल समोर दिसत असला की आपण मागचे सगळे त्या निकालाच्या रंगात पाहतो. जिंकलो तर शहाणपणा केला, हरलो तर मूर्खपणा केला, अशी सोपी वाटणी करून मोकळे होतो. कागद दुमडल्यावर ती वाटणी करता येत नाही. शिकणाऱ्या कोणालाही मी पत्त्यांच्याही आधी ही वही घालायला सांगेन.

वहीत पहिला पत्त्यांबाहेरचा निर्णय लिहिला गेला तो एप्रिल २०२४ मध्ये. सिन्नरच्या बाजूला आम्ही २०२१ च्या अखेरीस एक प्लॉट नोंदवला होता. किंमत १४ लाख, त्यांपैकी साडेचार लाख भरून झाले होते. अकृषक परवानगी सहा महिन्यांत येईल असे तोंडी सांगितले होते, ती अडीच वर्षे झाली तरी आली नव्हती, आणि आता दीड लाखाचा पुढचा हप्ता मागितला जात होता. घरात सगळ्यांचे म्हणणे एकच होते की एवढे भरले आहेत तर आता मागे कशाला फिरायचे. माझेही मन तिकडेच ओढत होते. पण डावात एकदा मध्ये टाकलेले चिंचोके आपले राहत नाहीत, हे पाच महिने रोज घोकले होते. त्यामुळे प्रश्न बदलून पाहिला: आज माझ्याकडे हे दीड लाख मोकळे असते आणि हा प्लॉट आजच पहिल्यांदा दाखवला असता, तर मी ते भरले असते का?

त्या रविवारी मी जे आधीच करायला हवे होते ते केले. स्थावर मालमत्ता प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधला, तो सापडला नाही. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि आमच्याकडून तर जवळपास ३२ टक्के रक्कम साध्या पावत्यांवर गेली होती. हे वाचून पोटात गोळा आला. आम्ही हप्ता थांबवून नोंदणी रद्द केली. बऱ्याच खेपा घातल्यावर तीन धनादेशांत ३ लाख ६० हजार परत मिळाले, ९० हजार गेले. वहीत चारही रकाने भरले आणि पान दुमडले.

पुढचे काही महिने सराव वाढला. मी पैसे लावून खेळायच्या एका ॲपवर एकूण ५,००० रुपये भरले आणि तेवढ्यातच खेळायचे ठरवले. अंथरूण पाहून पाय पसरावेत यालाच पोकर खेळणारे ‘बँकरोल’ सांभाळणे म्हणतात एवढेच. रक्कम आधी ठरवायची, ती घरखर्चाच्या खात्यातून काढायची नाही, क्रेडिट कार्ड वापरायचे नाही, आणि ती संपली तर पुन्हा भरायची नाही, हे चार नियम मी फ्रिजवर चिकटवले होते. ज्यांना ठरवूनही थांबता येत नसेल त्यांनी हा खेळ पैशांशिवायच खेळावा, आणि घरात कोणाचा हात सुटत असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोकळेपणाने बोलावे. हे मी जागा भरायला लिहीत नाही. ज्या टेबलांवर मी बसले तिथे थांबता न येणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे बघवत नाही.

एकदा प्रत्यक्ष टेबलावर बसून पाहायचे आणि तेही रीतसर परवानगी असलेल्या ठिकाणी, असे डिसेंबरमध्ये ठरले. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नदीतल्या जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगी मिळाली. तिथे २१ वर्षे पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. मी आधार आणि पॅन दोन्ही मूळ प्रती घेऊन गेले आणि दोन्ही लागले. छायाप्रत चालत नाही. स्पर्धेचे प्रवेशशुल्क सगळे धरून १६,५०० रुपये होते. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने मडगाव, तिथून कदंबच्या शटल बसने पणजी, दोन रात्री एका साध्या लॉजवर मुक्काम आणि जेवणखाण, हा खर्च ६,८०० रुपये झाला. एकूण २३,३००. हरल्यावर पुन्हा शुल्क भरून बसता येते, पण मी तसे करणार नाही हे घरातून निघतानाच यजमानांना सांगून ठेवले होते. आपला नियम दुसऱ्या कोणाला सांगून ठेवला की तो मोडणे जड जाते.

धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर नेतात. दुपारी दोनला खेळ सुरू होणार होता, मी एक वाजता पोहोचले आणि नोंदणीच्या रांगेत ४० मिनिटे गेली. अर्ज, ओळखपत्र, पॅन, छायाचित्र, मग एक चिठ्ठी, तिच्यावर टेबल आणि खुर्चीचा क्रमांक. माझ्या टेबलावर पत्ते वाटणारा डीलर सोडून नऊ जण होते आणि बाई मी एकटीच. पहिला अर्धा तास हात एवढे थरथरत होते की चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, पुढे ठेवताना आवाज व्हायचा. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, “ताई, घाई नाही, डीलर थांबतो.” त्या एका वाक्याने श्वास खाली बसला. नवख्यांसाठी एवढे सांगते की काही समजले नाही तर डीलरला सरळ विचारावे, त्यात कमीपणा नाही. आणि बोलण्याआधी चिप्स पुढे करू नयेत, कारण आधी जी कृती होते तीच ग्राह्य धरतात.

स्पर्धेत ११८ प्रवेश होते आणि पहिल्या १५ जणांना बक्षीस होते. पहिले तीन तास मी वहीत शिकल्याप्रमाणे खेळले, म्हणजे बहुतेक वेळ पत्ते टाकत बसले. मग हातात दोन राजे आले. फ्लॉपवर, म्हणजे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, समोरच्या तरुणाने सगळ्या चिप्स पुढे केल्या आणि मी स्वीकारले. त्याच्याकडे बदामाचे दोन पत्ते होते, टेबलावर आणखी दोन. दोन पत्ते यायचे बाकी असताना त्याचा कलर होण्याची शक्यता ३५ टक्के. शेवटचा पत्ता बदामाची तिर्री आला. माझ्या निम्म्याहून अधिक चिप्स गेल्या. हा निर्णय बरोबर होता, आणि पुन्हा तसाच डाव आला तर मी पुन्हा तेच करीन.

चूक त्यानंतरच्या डावात झाली. मोठा डाव हरल्यावर पुढचे दोन डाव न बघता टाकायचे, हा माझाच नियम. डोके तापून निर्णय बिघडू लागण्याच्या अवस्थेला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात, आणि कामाच्या ठिकाणी या नियमाचा मला फार उपयोग झाला होता. माल वेळेवर न पाठवणाऱ्या पुरवठादाराची ऑर्डर रद्द करण्याचे पत्र मी आता एक रात्र ठेवून मगच पाठवते आणि निम्म्या वेळा ते पाठवावेच लागत नाही. त्या दिवशी मात्र कानशिले तापली होती. हातात इस्पिकचा एक्का आणि किलवरची नश्शी आली, समोरून एका सावध खेळाडूने मोठी रक्कम लावली आणि मी विचार न करता सगळ्या चिप्स लोटल्या. त्याने शांतपणे राण्यांची जोडी दाखवली. माझी शक्यता ३० टक्क्यांहूनही कमी होती. चार पत्ते उघडले, काही नाही. पाचवा चौकटचा एक्का निघाला.

टेबलावरचे लोक “वा” म्हणाले. चिप्सचा ढीग माझ्याकडे सरकला. तो सावध गृहस्थ उठला, त्याने माझ्याशी हात मिळवला आणि निघून गेला. त्याने सगळे बरोबर केले होते आणि मी सगळे चुकीचे, हे त्या टेबलावर आम्हा दोघांना तरी पक्के ठाऊक होते. त्याच चिप्सच्या जोरावर रात्री साडेअकरापर्यंत टिकून मी १३ वी आले आणि ३०,००० रुपयांच्या बक्षिसाला पात्र ठरले.

लॉजवर आल्यावर भाच्याला फोन करून दोन्ही डाव सांगितले. तो अभिनंदन म्हणाला, थोडा थांबला आणि म्हणाला, “राजांचा डाव हरलीस पण चांगला खेळलीस. एक्क्याचा जिंकलीस, पण तो वहीत चूक म्हणून लिही.” मी लिहिला. जिंकलेल्या डावापुढे स्वतःच्या हाताने ‘चूक’ लिहिणे मला वाटले होते त्याहून कठीण गेले. निकाल चांगला आला की चूकही गोड लागते आणि माणूस ती पुन्हा करतो; माझ्या नोकरीत मी हे कितीदा पाहिले आहे, आणि तेव्हा त्याला अनुभव म्हटले आहे.

बक्षीस रोख मिळाले नाही. पॅन आणि बँकेचा तपशील देऊन अर्ज भरावा लागला. ३० टक्के दराने ९,००० रुपये कर कापला गेला आणि २१,००० रुपये कामकाजाच्या चौथ्या दिवशी खात्यात आले. त्या वेळी मिळालेली पावती जपून ठेवा, पुढे तीच जुळवायला लागते.

घरी परतल्यावर आठवड्याभरात वहिनींचा फोन आला. सिन्नरच्या त्या प्रकल्पाला जानेवारीत अकृषक परवानगी मिळाली होती आणि भाव बराच चढला होता. वहिनींचा हेतू टोचून बोलण्याचा नव्हता, पण मला दोन दिवस जेवण गेले नाही. ९० हजार घालवून आपण हातचा प्लॉट सोडला, हे शब्द घरात कोणी उच्चारले नाहीत तरी हवेत होते. शेवटी मी वही काढली. एप्रिल २०२४ च्या पानावर लिहिले होते: महारेराची नोंदणी नाही, करारनामा नाही, अडीच वर्षांनीही परवानगी नाही, विचारल्यावर लेखी उत्तर नाही. हे चार मुद्दे असताना पुढचे दीड लाख भरणे योग्य ठरले असते का, असे मी यजमानांना विचारले. ते बराच वेळ पान बघत राहिले आणि म्हणाले, “नाही. पण करारनाम्याशिवाय पहिले साडेचार लाख भरले, ती चूक होती.” त्यांचे बरोबर होते. आम्ही चूक शोधत होतो शेवटच्या निर्णयात, आणि ती होती पहिल्या. २०२१ च्या त्या निर्णयाचे पान वहीत नव्हतेच. ते आम्ही दोघांनी मिळून त्या रात्री लिहिले.

आता कराचे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचे विवरण कापणाऱ्याने ३१ मेपर्यंत भरायचे होते, त्यामुळे फेब्रुवारीतली ही कपात मला २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, जूनमध्ये दिसली. त्याआधी शोधून जीव टांगणीला लावू नये. दरवर्षी मी आयटीआर-१ भरते. पत्त्यांच्या खेळातील बक्षिसावर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११५बीबी खाली विशेष दराने कर लागत असल्याने तो अर्ज चालला नाही, आयटीआर-२ भरावा लागला. पगारदार माणसाला तो अर्ज पाहून घाम फुटतो, पण आपल्या कामाची पाने मोजकीच असतात: पगार, इतर उत्पन्न, विशेष दराचे उत्पन्न आणि कापलेला कर. त्याच कायद्याच्या कलम ५८(४) प्रमाणे अशा उत्पन्नातून खर्च वजा होत नव्हता, म्हणून माझे प्रवेशशुल्क, गाडीभाडे, लॉज यांपैकी काहीही धरता आले नाही.

आणखी एक बारकावा आहे. कपात ३० टक्क्यांनी होते, पण प्रत्यक्ष करावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. ३०,००० वर ९,३६० रुपये. वरचे ३६० रुपये प्राप्तिकर संकेतस्थळावरच्या ‘ई-पे टॅक्स’मधून स्व-निर्धारण कर म्हणून भरून चलनाचा क्रमांक विवरणपत्रात टाकावा लागला. त्या वर्षी मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, घर शांत असताना मी बसले. अडीच तास लागले आणि आधारच्या ओटीपीने पडताळणी त्याच वेळी केली. ती ३० दिवसांत करावीच लागते. जमाखर्च मांडला तेव्हा स्पर्धेत बक्षीस मिळूनही २,६६० रुपये पदरचे गेले होते.

त्याच्या दोन आठवडे आधी, २२ ऑगस्टला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली होती आणि माझ्या ॲपनेही पैशांची टेबले बंद केली. खात्यात २,१४० रुपये उरले होते. ते काढायला पुन्हा पॅन आणि बँक खात्याची पडताळणी झाली, सहा दिवस लागले आणि जिंकलेले काहीच नसल्याने कर कापला गेला नाही. आता नव्याने शिकणाऱ्यांनी तो मार्ग धरू नये. पैशांविना सराव आणि घरातले चिंचोके एवढे शिकायला पुरेसे आहेत. मीही मूळ गोष्टी तिथेच शिकले.

२३ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दिवशी, विवरणपत्राची छाननी झाल्याची कलम १४३(१) ची सूचना ईमेलने आली: देणे नाही, परतावा नाही. भाचा घरातच होता. सूचनेची छापील प्रत, चलन आणि बक्षिसाची पावती मी वहीच्या मागच्या कव्हरात ठेवली. मग वहिनींनी डबा उघडला, दोनशे-दोनशे चिंचोके मोजून दिले आणि मला म्हणाल्या, “आधी मला ते पानाचे दुमडणे समजाव, पत्ते नंतर वाट.”